उजवा पाय आणि पिवळा दिवा

माझ्याकडे स्पोर्ट्‌स कार आहे असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या केसांकडे बघतो, मग पोटाकडे, आणि मग 'अच्छा' म्हणतो. बघेना का. गाडी आहे आणि ती माझीच आहे. दोनच माणसं बसतील अशी, गर्द हिरवी, जमिनीला इतकी धरून की आमच्या सदर बाजारातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट खरवडतं. मी जन्मभर पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवलं. निवृत्त झालो त्या सुमारास एका फौजी अधिकाऱ्याची बदली झाली, त्याला गाडी बरोबर नेता येईना, आणि मी ती घेऊन टाकली. गल्लीतले लोक अजून विचारतात, "कितना देती है?" मी अजून खरं उत्तर दिलेलं नाही.

बायको बँकेत आहे. तिची स्वतःची साधी, छोटी गाडी आहे आणि ती रोज सदरच्या गर्दीतून ती कामाला नेते. माझ्या गाडीबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे, "बसाले खड्ड्यात उतरा लागते अन् निघाले क्रेन लागते." तरी रविवारी ती माझ्याबरोबर यायची. नदीवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडायचा, बरगी धरणाच्या रस्त्याला लागायचं, तिकडे टपरीवर मुगाच्या डाळीचे गरम मंगोडे खायचे आणि उजेड असेपर्यंत परत. आमच्या संसारात जे काही निवांत बोलणं झालं असेल ते या रस्त्यावर झालं. घरात आम्ही सिलिंडर, औषधं आणि नागपूरकडच्या नातेवाइकांची लग्नं, एवढ्यावरच बोलतो.

आता पायाचं सांगतो. माझ्या उजव्या पायाला कळेनासं होत चाललं होतं. साखर जुनी आहे. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग त्या यायच्या बंद झाल्या, तर मला वाटलं बरं झालं. डॉक्टर म्हणाले, बरं नाही झालं, नसा मंदावल्या आहेत. त्यांनी मला डोळे मिटून झोपायला लावलं आणि सांगितलं की नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवीन, कळलं की 'हो' म्हणा. मी शहाण्या विद्यार्थ्यासारखा ठरावीक वेळाने हो, हो म्हणत राहिलो. थोड्या वेळाने ते शांतपणे म्हणाले, "सर, अभी मैंने शुरू ही नहीं किया."

बायको शेजारच्या खुर्चीत होती. ती हसली नाही. घरी येताना तिने सरळ विचारलं की अशा पायाने गाडी चालवायची का. मी म्हणालो, चालवायची. माझ्यापुरता प्रश्न संपला होता. तिच्यापुरता तो तिथून सुरू झाला, आणि पुढचं वर्षभर आमच्या घरात तोच एक प्रश्न होता. मी या गाडीच्या उजव्या सीटवर बसायचं की नाही.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा नाही. जाड, मऊ तळाचे बूट घ्या. मी घेतले. ते पाहून वाटायचं, कोणी तरी माझ्या पायांना उशा बांधल्या आहेत. पण ते घालून मी सगळीकडे जायचो, फक्त गाडीत बसताना दारात काढून सीटच्या मागे ठेवायचो.

त्याला कारण आहे. आमच्या घरात यंत्राला चपलेचा पाय लावत नाहीत. वडील कारखान्यात लेथवर होते. दसऱ्याला घरातल्या पकडी, पाने, सायकल, शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. आई शिवायला बसली की अनवाणीच बसायची. वडिलांनी पुढे स्कूटर घेतली, तर ते किक मारण्याआधी उजवी चप्पल काढायचे. किक उलटली की नडगी सोलून निघायची, पण चप्पल काही त्यांनी पायात ठेवली नाही. स्कूटर सुरू झाली की हँडलला हात लावून तो हात छातीला लावायचे आणि मग चप्पल शोधायचे. माझी किक केव्हाच सुटली, पण पेडलवर माझा पाय कायम उघडाच राहिला. पुढे मी मास्तर झालो आणि या सवयीचा मी सिद्धान्त करून टाकला. उघड्या पायाला इंजिन कळतं, असं मी पोरांना वर्गात सांगायचो. ते खरंही आहे. पाय शाबूत असेल तर.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, बरगीच्या रस्त्यावर, पाऊस नुकता थांबला होता. डंपरमधून सांडलेली माती भिजून एका वळणावर रस्त्याने साय धरली होती. वळणातून बाहेर पडताना मी एक्सिलरेटर जरासा दाबला. जरासा, असं मला वाटलं. गाडीचं शेपूट डावीकडे गेलं, मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, ते उजवीकडे आलं, आणि मग झाडं, शेत, पुन्हा झाडं, असं सगळं काचेतून सरकत गेलं. थांबलो तेव्हा आम्ही ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड करून उभे होतो. कडेला एक म्हैस रवंथ करत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

कोणाला काही लागलं नाही. बायकोच्या हातातली एक बांगडी डॅशबोर्डवर आपटून फुटली होती. तिने मांडीवरचे तुकडे वेचून रुमालात घेतले. घरी आल्यावर म्हणाली, "पावसात मी आता या गाडीत बसणार नाही. अन् तुम्ही एकटे जाऊन राहिले तर तेबी जाऊ देणार नाही."

मी टायरांना दोष दिला, डंपरवाल्यांना दिला, रस्ता बांधणाऱ्याला दिला, आणि अशी गाडी बनवून तिच्यात काहीच संरक्षण न देणाऱ्या परदेशी इंजिनियरलाही दिला. ते शेवटचं अगदीच खोटं नव्हतं. गाडी जुनी, हलकी, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. ओल्या रस्त्यावर जास्त दाबलं की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी फिरते. आजच्या गाड्यांमध्ये हे ओळखणारं यंत्र असतं, ट्रॅक्शन कंट्रोल. माझ्या गाडीत नव्हतं. मग बसवू, असं मी ठरवलं. बायको म्हणाली, विकून टाकू. मी म्हणालो, आधी बसवून पाहू.

माझा एक जुना विद्यार्थी, गढा मोहल्ल्यातल्या मराठी घरातला, वर्गात बाकाखाली मोटरसायकलची मासिकं वाचणारा, आता गोहलपुरात गॅरेज चालवतो. दाराच्या एका बाजूला बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या ठिणग्या, आणि मधे हा, मोठ्या आवाजात. त्याने आधी चहा मागवला, मग ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "सर, काहून टेन्शन घेऊन राहिले? लगा देते हैं ना." त्याने अशी गोष्ट पूर्वी कधी केली नव्हती हे मला कळत होतं. मीही केली नव्हती. दोघांनी मिळून शिकायचं ठरलं आणि खरं सांगतो, ते महिने मजेत गेले.

काम ऐकायला सोपं आहे. चारही चाकांच्या आत एकेक दातेरी चकती बसवायची, तिच्याजवळ सेन्सर. चाक फिरलं की सेन्सर दात मोजतो. ही सगळी मोजणी सीटच्या मागे बसवलेल्या एका डबीत जाते. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जोरात फिरायला लागली म्हणजे ती जमिनीवरून सुटली, हे डबी ओळखते आणि क्षणभर इंजिनाचा जोर तोडते. चाकं पुन्हा जमीन धरतात. हे होत असताना डॅशबोर्डवर एक छोटा पिवळा दिवा लागतो. एवढंच. पण पहिल्यांदा आलेल्या चकत्या चाकात बसेनात, दुसऱ्यांदा आलेल्यांचे दात डबीला पटेनात, आणि वायरी ओढताना माझा विद्यार्थी आणि मी एकमेकांशी असे भांडलो की वेल्डिंगवाला काम थांबवून ऐकत बसला. उन्हाळा संपता संपता सगळं जागेवर आलं.

बायकोने नारळ फोडला. डबीलाही कुंकू लावलं. मी म्हटलं, अगं, हे इलेक्ट्रॉनिक आहे. ती म्हणाली, मग तर जास्तच लावलं पाहिजे.

गॅरेजच्या मागे मोकळा प्लॉट होता. तिथे पाणी सोडून चिखल केला आणि मी गाडी आणून एक्सिलरेटर पार खाली दाबला. मागचं अंग एकदा हललं, इंजिन ठसका लागल्यासारखं अडखळलं, पिवळा दिवा फडफडला, आणि गाडी सरळ पुढे गेली. मी परत फिरवून आणली, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मला अतोनात आनंद झाला. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातसुद्धा झाला नव्हता. बायको छत्री घेऊन कडेला उभी होती. मी काच खाली करून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "चलो, पाहून घेऊ."

अशी ती या जुलैमध्ये पुन्हा पावसात माझ्या शेजारी बसली. तिलवाऱ्याच्या पुढे सर आली. वळणावर दिवा लागला आणि विझला. मी म्हणालो, बघ, सांभाळलं. पुढच्या वळणावर पुन्हा लागला. पुन्हा म्हणालो. मंगोडे खाऊन परत येताना मी बोलायचा थांबलो होतो, पण आता तीच त्या दिव्यावर डोळा ठेवून होती. "लागला," ती म्हणायची. थोड्या वेळाने, "आता लागला पुन्हा."

मग तिने विचारलं, "हा दिवा लागणं चांगलं का वाईट?"

मी मास्तरकीत शिरलो. लागणं म्हणजे यंत्र नीट काम करतंय.

"पण गाडी घसरते तेव्हाच लागते ना?"

तत्त्वतः हो, असं मी म्हणालो. ती बँकेत कर्जाच्या अर्जांवर बसते, लोकांचं 'तत्त्वतः' तिने खूप ऐकलं आहे.

तिच्या पायाखाली त्या गाडीत नेहमी घडी केलेला टॉवेल असायचा. सायलेन्सरचा पाइप बरोबर खालून जातो, त्यामुळे लांब गेलं की तळाचा पत्रा तापतो. पाय भाजून राहिले, असं ती पहिल्या उन्हाळ्यापासून म्हणत आली आहे. मी म्हणायचो, मला तर काहीच लागत नाही. हे मी प्रत्येक वेळी थोड्या ऐटीत म्हणायचो.

मला आता कधी कधी वाटतं की जन्मभर मी घर्षण शिकवलं आणि ते मला फार उशिरा कळलं. फळ्यावर बाण काढायचे, जमीन चाकाला किती धरून ठेवते त्याचं सूत्र लिहायचं. पण धरून ठेवलंय की सुटलंय हे गाडीला आपलं आपण कळत नाही. कोणी तरी सांगावं लागतं. पूर्वी ते चालवणाऱ्याचा पाय सांगायचा. मी त्या पायाच्या जागी एक डबी आणून बसवली होती आणि स्वतःला सांगत होतो की ही पावसासाठी आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही धरणाच्याही पुढे जाऊन आलो. संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे आरसा आणला. डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज तळवे पाहायचे असतात. मी म्हणतो मी पाहीन, आणि पाहते ती. त्या दिवशी ती खाली बसली, माझी टाच हातात घेतली आणि तशीच थांबली. टाचेवर लिंबाएवढा फोड आला होता. गाडी चालवताना टाच जिथे टेकते तिथला पत्रा तापला होता, आणि माझी टाच तासभर त्याच्यावर भाजत होती. मी वरती गाणी म्हणत होतो.

तिला रडू आलं. मला राग आला. राग कोणाचा ते ठरेना, म्हणून मी टॉवेलवर चिडलो, की दोन का नाहीत गाडीत.

डॉक्टरांनी फोडाकडे बराच वेळ पाहिलं. जखम भरेपर्यंत गाडी बंद, आणि नंतर बूट काढायचे नाहीत, गाडीतही नाही, देवळाच्या दारातही नाही. देवळाचं त्यांनी मुद्दाम सांगितलं. त्यांना आमच्यासारखे बरेच भेटत असावेत. जखम भरायला पावसाळ्याचा मोठा भाग गेला. गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, हे मी रोज घरात बोलून दाखवायचो, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून.

एका रविवारी ती म्हणाली, चला. तिने चपला काढून सीटच्या मागे ठेवल्या, पाठीशी उशी घेतली, स्टिअरिंगला हात लावून तो छातीला लावला आणि उजवीकडे बसली. मी पट्टी बांधलेला पाय टॉवेलवर ठेवून डावीकडे. या बाजूने ती गाडी मी कधी पाहिलीच नव्हती. रस्ता खूप जवळ दिसतो तिथून.

तिलवाऱ्याच्या पुढे जोराची सर आली. मी दिव्यावर डोळे लावून बसलो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ज्या वळणावर आम्ही गरकन फिरलो होतो तेही आलं, तीच मातीची साय, आणि ती काही हळू वगैरे चालवत नव्हती, माझ्याइतक्याच वेगात होती. वळण गेलं. दिवा लागला नाही. मी डॅशबोर्डवर टिचकी मारली.

"काय करून राहिले?"

मी म्हणालो, यंत्र बंद पडलंय. उद्या गोहलपूरला जाऊ.

सोमवारी ती बँकेतून लवकर निघाली आणि आम्ही गेलो. विद्यार्थ्याने गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली आणि इंजिन सुरू करून गिअर टाकला. पुढची चाकं जमिनीवर स्थिर, मागची हवेत फिरायला लागली. लगेच इंजिन अडखळलं आणि दिवा लख्ख लागला. त्याने बंद करून पुन्हा केलं. पुन्हा लागला. मी म्हणालो, काल बरगीपर्यंत एकदाही लागला नाही, एवढ्या पावसात. त्याने विचारलं, गाडी कोण चालवत होतं. मी बायकोकडे पाहिलं. तोही पाहायला लागला आणि मग एकदम हात पुसण्यात गढून गेला.

"डिवाइस तर ओके आहे, सर," तो म्हणाला. मग त्याने चहा मागवला.

बायको तरी काही बोलेल अशी मी वाट पाहत होतो. ती बोलली असती तर मला भांडता आलं असतं. तिने चहात बिस्किट बुडवलं आणि वेल्डिंगवाल्याला त्याच्या मुलीचा निकाल विचारला.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. यंत्र मी बसवलं होतं, चकतीचा एकेक दात मी मोजला होता, त्याने खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. त्याने पहिल्या दिवसापासून मला सांगितलं होतं आणि मी दर वेळी 'बघ, सांभाळलं' म्हणून ते तिला ऐकवत होतो.

जखम भरली तेव्हा एका दुपारी ती कामावर असताना मी बूट घालून उजवीकडे बसलो. गाडीला हात लावून आधी माफी मागितली, बूट घालून पाय लावतोय म्हणून. गल्ली ओली होती. फक्त गाडी हलवायची होती, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं होतं. मी पाय ठेवला. ठेवला, असं मला वाटलं. दाराच्या बाहेर निघालो नाही तोच दिवा लागला. मी तिथेच इंजिन बंद केलं. मग गाडी ढकलून आत घेतली, शेजारच्यांना हाक न मारता, ते विचारतील म्हणून.

संध्याकाळी ती आली. अंगणात टायरांच्या ओल्या खुणा जेमतेम दारापर्यंत होत्या. तिने त्या पाहिल्या आणि पर्स खुंटीला अडकवली.

पुढच्या रविवारी मी आधीच जाऊन डावीकडचं दार उघडलं आणि बसलो. बूट पायात. तिने चपला काढल्या, टॉवेलची घडी टाचेखाली घेतली, स्टिअरिंगला हात लावला, छातीला लावला. मग पुन्हा एकदा डॅशबोर्डला हात लावून तो माझ्या छातीला लावला. माझ्या बुटांबद्दल असावं. आम्ही नागपूरच्या एका लग्नाबद्दल बोललो, मग तिच्या निवृत्तीबद्दल, मग ती निवृत्त झाल्यावर आम्ही रोज काय करणार याबद्दल. तिलवाऱ्याच्या पुढे पाऊस लागला. दिवा विझलेलाच राहिला.

धरणाच्या अलीकडे तिने विचारलं, "पाय भाजून राहिला का तुमचा?"

मी मग वाकलो, बुटाच्या बाजूला तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. पत्रा चांगलाच तापला होता.

"हो," मी म्हणालो.

तिने गाडी कडेला घेतली, आपल्या पायाखालचा टॉवेल काढला आणि माझ्या पायाखाली सरकवला.